अनोळखी पक्ष्याला दिलेलं उत्तर

२६ एप्रिल, शनिवार

ही वही योगराज सरांनी निसर्गाच्या नोंदी ठेवायला दिली आहे. तर पुढच्या बाजूने निसर्ग आणि मागच्या बाजूने मी. मागची पानं कोणी चोरून वाचलीच, तर त्याच्या डब्यात रोज मुंग्या निघोत.

मी प्रेरणा. राहणार गोरेगाव, मुंबईचं नाही, गोंदियाजवळचं. आठवी पास. मी आपण होऊन इथे आलेली नाही. आई म्हणाली, "दोन महिने घरात बसून सगळ्यांच्या नकला करशील आणि माझी शेजारणींशी भांडणं लावशील, त्यापेक्षा जा शिबिराला." नकला करते हे खरं आहे. गॅदरिंगमध्ये एसटीच्या कंडक्टरपासून आमच्या मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले आणि पहिलं बक्षीस घेतलं. ते बाईंनीच दिलं, पण हसल्या नाहीत.

गावाचं नाव चारटोला. सडक अर्जुनीला हायवे सोडला की एक तास आत. शाळेच्या दोन खोल्या आहेत, एकीत मुली, एकीत मुलं, सगळे मिळून एकवीस. मागे बोडी, म्हणजे लहान तलाव. तिची उंच पाळ, पाळीपलीकडे जंगल आणि समोर पहाडी. मोबाइलला रेंज नाही. पंखा आहे तर लाइट नाही.

माझ्या एका बाजूला खुशबू झोपणार आहे. ती गोंदिया शहरातली, अर्धं हिंदी बोलते आणि अर्धं ओरडते. दुसऱ्या बाजूला सोनू, सगळ्यांत लहान, आल्यापासून रडूनच राहिली होती. मी सरांची नक्कल करून दाखवली तेव्हा थांबली. स्वयंपाकाला गावातल्या कुंदाबाई आहेत. पाणी भरायला फागू नावाचा म्हातारा आहे. दाढी वाढलेली, शर्टाला एकच बटण. मी विचारलं, "बाबा, तुमचं वय काय?" तर म्हणाला, "मोजलं नाई," आणि कावड घेऊन चालता झाला. दिवसभरात तो एवढंच बोलला.

२७ एप्रिल, रविवार

बाप्पा रे! इथे भूत आहे.

पहाटे पाचच्या सुमाराला जाग आली. नीट उजाडलं नव्हतं. पाळीच्या टोकाकडून आवाज आला. दोन तुटक आणि एक लांब. "कू, कू, कूऽऽऽ." शेवटचा लांब कू खाली खाली जात विरतो. मग सगळं गप्प. इतका वेळ गप्प की वाटतं, संपलं. मग पुन्हा तसाच. असं अर्धा तास चाललं. माझ्या अंगावर काटा आला. सोनू माझ्या चादरीत शिरली. खुशबू तर चादरीतून "कोई तो है, कोई तो है" एवढंच म्हणून राहिली होती.

नाश्त्याला सगळ्यांनी एकच गलका केला. सर म्हणाले, "पक्षी आहे."

मी विचारलं, "कोणता?"

"ओळख पटेपर्यंत लिहा, अनोळखी पक्षी. पण एक लक्षात ठेवा, पाळीपलीकडे कोणी पाऊल टाकायचं नाही."

कुंदाबाई पोहे वाढता वाढता थांबल्या आणि सरांकडे पाहून राहिल्या. सरही त्यांच्याकडे पाहत होते. मग कुंदाबाई म्हणाल्या, "पाखरूच व्हय. खा गुमान." पोहे खारट झाले होते म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल.

वहीच्या पुढच्या बाजूला मी लिहिलं: अनोळखी पक्षी, क्रमांक एक. फक्त पहाटे बोलतो. एकटाच असतो.

२८ एप्रिल, सोमवार

आजही तोच आवाज, तीच वेळ. मुलांच्या खोलीत म्हणे दोघं जण रडले, पण कबूल कोणी करत नाही. खुशबूचं म्हणणं, ती चुडैल आहे आणि आपल्यापैकी एकाला घेऊन जाणार. मी म्हटलं, मग तुलाच नेईल, तूच सगळ्यांत जास्त खातेस. ती दुपारपर्यंत बोलली नाही.

मी विचार केला. सर म्हणतात पक्षी, कुंदाबाई म्हणतात पाखरू. मोठी माणसं दोन-दोन मिळून खोटं कशाला सांगतील? म्हणजे पक्षीच असणार. आणि पक्ष्याला काय करायचं असतं हे मला चांगलं माहीत आहे. आमच्या दारच्या कडुनिंबावर कोकीळ ओरडली की मी खालून तशीच ओरडते. मग ती चिडते, आणखी जोरात ओरडते, आणि शेवटी आई बाहेर येऊन दोघींवर ओरडते. कोकिळेला चिडवलं नाही असं एक पोरगं गोरेगावात दाखवा.

उद्या याला चिडवणार. तो शेवट खाली सोडतो, तर मी वर नेणार. म्हणजे त्याला वाटेल, दुसरी पाखरीण आली.

२९ एप्रिल, मंगळवार

दिलं उत्तर!

अंधुक उजाडताच मी, खुशबू आणि सोनू मागच्या दाराने निघून पाळीच्या अलीकडे जाऊन बसलो. पलीकडे पाऊल टाकलं नाही, म्हणजे सरांचं ऐकलं. तो ओरडला. मी तोंडाला दोन्ही हात लावले, पहाडीकडे तोंड केलं आणि उत्तर दिलं. "कू, कू, कूऽऽऽ." माझा आवाज पाण्यावरून गेला, पहाडीवर आपटला आणि तिकडूनच कोणीतरी बोलावं तसा परत आला. मी स्वतःच चकित झाले.

पुढे मात्र निराशा. पलीकडे एकदम चिडीचूप. मग डबा पडावा तसा काहीतरी खणखणाट झाला. त्यानंतर काही नाही. सोनू म्हणाली, "ताई, तो घाबरला." असेल. मला थोडं वाईट वाटलं, कारण चिडला असता तर मजा आली असती.

आज फागूबाबा पाणी घेऊन उशिरा आला. कावडीचा एक डबा चेपलेला होता. कुंदाबाई त्याच्यावर ओरडल्या तरी त्याला ऐकू आलं नाही. डबा भरून वाहून राहिला होता आणि तो तसाच पहाडीकडे पाहत उभा.

३० एप्रिल, बुधवार

आज तो रोजच्यापेक्षा लवकर ओरडला आणि घाईघाईने ओरडला. मी उत्तर दिलं. तो पुन्हा. मी पुन्हा. सात वेळा झालं! त्याचा आवाज मध्येच फाटत होता. सातव्या वेळी तर नीट निघालाच नाही. पक्ष्यांचा घसा बसतो का, हे सरांना विचारायचं आहे, पण विचारलं तर सगळं बाहेर येईल.

आता कोणीच घाबरत नाही. मुलांच्या खोलीपर्यंत बातमी गेली आणि मी एकदम मोठी झाले. आज मला ताटात दोन गुळाचे खडे जास्त मिळाले. सोनू आल्यापासून पहिल्यांदा रडली नाही.

आणखी एक नवल. फागूबाबा दाढी करून आला! धुतलेला शर्ट, सगळी बटणं लावलेली, डोक्याला तेल. पळसाच्या पानात बांधून टेंभरं आणली होती, ती पिवळी गोड फळं. "खा पोराहो, पिकली हायेत." मी त्याच्या चालण्याची नक्कल केली तर मागे वळून पाहिलं आणि चक्क हसला. पुढचे दोन दात नाहीत.

मुलं म्हणतात, दारू प्यायला असेल. मी जवळ जाऊन वास घेतला. नुसता साबणाचा वास होता. कुंदाबाई म्हणाल्या, "वर्सभर झाडू लागला नव्हता त्या घराले. काल बुढ्यानं आंगन सारवलं म्हनं. का झालं त्याले, देव जाने." आम्ही इतके जण आलो म्हणून गावात रौनक आली असेल, त्याचा परिणाम.

१ मे, गुरुवार

झेंडावंदन झालं. गावातले लोक आले होते. फागूबाबा सगळ्यांत पुढे उभा होता, कावड बाजूला ठेवून.

पहाटे उत्तर द्यायला आज आम्ही नऊ जण होतो. मला आता नुसती नक्कल करायचा कंटाळा आला होता, म्हणून मी आवाजात थोडा रुसवा आणला. आई बाबांवर रुसली की जशी स्वयंपाकघरातून हाक मारते, तसा. सगळे तोंड दाबून हसून राहिले होते. पलीकडून उत्तर आलं ते इतकं मऊ की खुशबू म्हणाली, "यार, ये तो प्यार में पड़ गया तेरे."

दुपारी मी हात धुवायला गेले तर फागूबाबा पाण्याच्या ड्रमजवळ उभा. कागदात बांधलेली पुडी हातात. कालच्या बाजारातून आणली होती म्हणे. मला म्हणाला, "पोरी, इकडं ये वं. तू हुशार दिसतेस. बाईमानसाच्या हातात हिरव्या बांगड्या चांगल्या दिसतेत का लाल?"

मी म्हटलं, "हिरव्या."

पुडी सोडून दाखवली. दोन्ही होत्या. "पहिलं हिरव्या घेतल्या. मंग वाटलं, तिले लाल पाहिजेन असंल तं? रुसनारी हाये ते."

"घरी येणार आहेत का आजी?"

"आनतो ना सकारी." सकारी म्हणजे उद्या. त्याने पुडी शर्टाच्या आत ठेवली, वरून हात ठेवून पाहिलं आणि कावड उचलली. माहेरी गेलेली असेल बायको. या वयात रुसून माहेरी जातात म्हणजे कमालच आहे. मी खुशबूला सांगितलं आणि आम्ही खूप हसलो.

२ मे, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

आज पहाटे तो ओरडलाच नाही. आम्ही बारा जण जमलो होतो. सगळे मला म्हणाले, तू बोलाव. मलाही राग आला होता, एवढ्या लोकांसमोर फजिती होते म्हणून. मी आपण होऊन हाक दिली. पुन्हा दिली. पंधरा-वीस वेळा दिली. पहाडीवरून माझाच आवाज परत येत राहिला. शेवटी सगळे कंटाळून परतले.

सात वाजले तरी ड्रम कोरडे. फागूबाबा आला नाही. कुंदाबाई त्याच्या घरी बघायला गेल्या आणि धावतच परत आल्या. त्यांना दम लागला होता. सरांना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर जी, बुढा जंगलात गेला, बलावनं आलं म्हून शेजारी सांगून गेला. दाराले दोरी बांधून हाये. आत दोन ताटं मांडून ठेवली हायेत. दोन!"

सरांनी त्यांना हळू बोलायला सांगितलं. त्या आणखीच ओरडल्या. "तुमीच म्हनले ना, लेकरं भितेत, पाखरू म्हून सांगा! मी सांगली. आता कोन्या पाखरानं त्याले बलावलं ते सांगा!"

मग कुंदाबाईंनी सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहून ठेवते.

इथे मोहफुलं वेचायला माणसं पहाटे जंगलात जातात. वेचताना वाकावं लागतं, एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची. नाव घ्यायचं नाही, कारण नाव दुसऱ्या कोणी ऐकू नये. नुसतं कू. प्रत्येक घराची हाक वेगळी. पहिल्याने शेवट खाली सोडायचा, उत्तर देणाऱ्याने वर न्यायचा. वर गेला म्हणजे समजायचं, माणूस सुखरूप आहे. दोन तुटक आणि एक लांब, ही फागूच्या घरची हाक. मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत त्याच्या बायकोला, दुर्पताबाईला, पहाडीखाली वाघाने नेलं. तेव्हापासून तो रोज पहाटे पाळीच्या पार पलीकडच्या टोकाला उभा राहून हाक देतो. गावाला सवय झाली आहे.

"वर्सभर कोनी उत्तर देलं नाई," कुंदाबाई म्हणाल्या. "देनार कोन?"

मी शेवट वर नेला होता. मला कोणी शिकवलं नव्हतं. कोकिळेला चिडवायला मी तसंच करते.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आमच्यातल्या बारा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. खुशबूने माझं मनगट घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "चुप रह. मत बता. परवा घर जा रहे हैं."

मी चूप राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण राहिले.

वनरक्षक आणि गावातले लोक लाठ्या आणि डबे वाजवत गेले. आम्हाला खोलीत बसवलं. नाल्यात वाघाची ताजी पावलं आहेत, असं एक जण परत येऊन सांगून गेला. दिवस कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. मी देवाला म्हटलं, मी आयुष्यात कोणाचीच नक्कल करणार नाही, फक्त तो जिवंत येऊ दे.

ऊन उतरताना त्याला बाजेवर घालून आणलं. जिवंत आहे! पाय काट्यांनी फाटले आहेत, ओठ फुटले आहेत. दिवसभर पाणी प्यायला नव्हता. पहाडीखालच्या त्या मोहाजवळ बसलेला सापडला, पुडी उघडून मांडीवर ठेवलेली. आमच्या खिडकीसमोरून त्याला नेत होते तेव्हा तो लोकांना सांगत होता, "मी चुकलो गा, भलत्या आंगानं गेलो. आज तिनं आपनहून बलावलं. किती डाव बलावलं! सकारी मी बराबर जातो."

३ मे, शनिवार

सकाळी मी सरांना सांगितलं. खुशबू माझ्याबरोबर आली. ती म्हणाली, मीही होते, माझंही नाव घे.

वाटलं होतं, सर मारतील. ते खाली बसले आणि त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तू हे केलं नसतंस." मी म्हटलं, नसतं केलं. मग ते म्हणाले, "मी जाऊन सांगतो त्यांना. तू येऊ नकोस."

ते गेले आणि तासाभराने परत आले. फागूबाबाने खरं मानलं नव्हतं. "सर, चाळीस वर्स आयकलो तिची हाक. पोट्टीचा आवाज मले समजत नाई का?" वर सरांना चहा पाजला. उद्या पहाटे जाणारच म्हणाला. राखणीला गावातला माणूस त्याच्या दारात किती दिवस बसवणार?

सर माझ्याकडे बघत होते. मीच म्हटलं, "मी येते."

अंगण खरंच छान सारवलेलं आहे. बाबा बाजेवर बसला होता, पायाला चिंध्या बांधलेल्या. मला पाहून खूश झाला. "ये वं, हिरव्या बांगड्यावाली!" मी बोलायला तोंड उघडलं, तर तोच बोलायला लागला. सर आणि कुंदाबाई दाराशी उभे होते, पण तो मलाच सांगत होता.

"त्या दिवशी आमी भांडलो होतो. काई नाई वं, भाकर करपली म्हून. म्या ताट सरकवून देलं. मोह वेचाले गेलो तं दोघंबी फुगून. तिनं पहाडीखालून हाक देली. म्या आयकलो. पर म्हटलं, मारू दे. राह्यली थोडा वेळ बिना उत्तराची तं का होते? बिडी पेटवत बसलो. तिनं दुसरी हाक देली. ते बी आयकलो. तिसरी आली नाई."

त्याने पाय थोडा हलवला आणि चेहरा वाकडा केला.

"मेली हाये ते, मले मालूम हाये. मी येडा नाई. म्याच मातीत ठेवलो, जेवढी गावली तेवढी. पर रुसून गेली ना. म्हून रोज हाक देत होतो, का बाई, एक डाव उत्तर दे, मंग माझा जीव मोकळा. आन् देलं पाह्य तिनं! तिसऱ्या दिवशी तं असं देलं, जसं रुसवा सोडताना देते तसं."

तो रुसवा माझ्या आईचा होता. माझे बाबा भाजी आणायला विसरल्यावरचा.

मला पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं की काही न बोलता जावं, आणि त्याला हे असू द्यावं. पण मग तो उद्या नाल्यातून जाणार.

मी म्हटलं, "बाबा, ती मी होते."

तो हसला. "सर बी तेच म्हनून गेले. शिकवलं का तुले?"

मग मी त्याच्यासमोर तोंडाला हात लावले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा रडू आलं. कुंदाबाई म्हणाल्या, "राहू द्या ना जी लेकराले," पण सरांनी त्यांना थांबवलं. तिसऱ्यांदा आवाज निघाला. दोन तुटक, एक लांब, शेवट वर. अंगणात तो किती मोठा वाटला!

बाबाचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याने मान एका बाजूला केली, एक कान माझ्याकडे.

"आनखी एक डाव."

मी दिला.

"तो रुसव्याचा."

तोही दिला. मला वाटलं होतं जमणार नाही, पण जमला, अगदी गुरुवारी जमला होता तसा. माझा मलाच राग आला.

अंगणात एक कोंबडी फिरत होती. बाबा तिच्याकडे पाहत होता.

"तूच व्हय," तो म्हणाला. आणि नंतर, अगदी हळू, माझ्याशी नाही, "म्हंजे तिनं काई म्हटलंच नाई."

मी त्याच्या पायाशी बसून रडले. माफ करा म्हटलं, किती वेळा म्हटलं आठवत नाही. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"सर रागावले का तुले?"

"नाही."

"नोका रागावू जी," तो सरांना म्हणाला. "लेकरू व्हय. पाखरू समजली ते."

४ मे, रविवार

पहाटे मी जागी होते. खुशबू जागी होती, सोनूही. मुलांच्या खोलीतही कोणी झोपलं नव्हतं, नंतर कळलं. पाच वाजले. सव्वापाच झाले. खरी कोकीळ ओरडली, कोणीतरी झाडू मारायला लागलं, उजेड खिडकीतून आत आला. पाळीवरून हाक आली नाही.

ड्रम भरलेले होते. केव्हा भरले ते कोणाला दिसलं नाही. निघताना मी कुंदाबाईंना विचारलं, भेटून येऊ का? त्या म्हणाल्या, "नोको. पाणी भरून दार लावून पडला हाये." त्यांनी पदराने माझं तोंड पुसून दिलं आणि वहीच्या पुढच्या पानावर त्यांचा नंबर लिहून दिला.

वही गुणांसाठी सरांना द्यायची होती. मी पुढच्या बाजूला क्रमांक एकवर रेघ मारली आणि खाली खरं काय ते लिहिलं. सरांनी वाचलं आणि वही मलाच परत केली. निसर्गाच्या नोंदीचे गुण कोणालाच दिले नाहीत.

१९ मे, सोमवार. गोरेगाव

दोन आठवडे वहीला हात लावला नव्हता. कोणाची नक्कलही केलेली नाही. आईला वाटतं, मला ऊन लागलं. कपाळाला हात लावून बघते. तिने तीनदा विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली.

आज आईच्या मोबाइलवरून कुंदाबाईंना फोन लावला. आता तेंदूपत्त्याचं काम चालू आहे, संध्याकाळी त्या गावाबाहेर रेंजमध्ये होत्या म्हणून लागला. मी विचारलं, फागूबाबा कसे आहेत?

"पाय भरून आला. पाणी भरते, खाते. बोलत नाई."

"जंगलात जातात का?"

"नाई वं. आता भेव नाई."

"आणि पहाटे हाक?"

"ते बी सोडली."

मला रडू आलं. मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी तो पुन्हा सुरू करेल. आम्ही यायच्या आधी रोज देत होता, तसंच. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही त्यांना सांगा ना. म्हणावं, आता कोणी मधे बोलणार नाही. शिबीर संपलं, सगळे घरी गेले. तुम्ही खुशाल हाक द्या म्हणावं."

पलीकडे बायकांचा आवाज येत होता, पानांचे पुडे मोजून राहिल्या होत्या.

कुंदाबाई म्हणाल्या, "कोनाले हाक दे म्हनू वं, पोरी?"